नालेसफाई 100 टक्के झाली तरी हिंदमाताला पाणी का तुंबतं?

मे महिना संपत आला की मुंबईत एक बातमी हमखास येते. नालेसफाई 90 टक्के, मग 95, मग 100. कधी कधी तर शंभराच्याही वर. मग पहिला दणकून पाऊस पडतो आणि तासाभरात फोनवर व्हिडिओ यायला लागतात. हिंदमाताला गुडघाभर पाणी, किंग्ज सर्कलला बसच्या पायरीपर्यंत पाणी, अंधेरी सबवे बंद, मिलन सबवे बंद. कुणीतरी 'तुंबई' लिहितं, कुणी रस्त्यावर होडी सोडलेला जुना फोटो पुन्हा फिरवतं. विरोधक विचारतात पैसे गेले कुठे, सत्ताधारी म्हणतात पाऊसच जास्त पडला. चार तासांनी पाणी ओसरतं आणि पाण्याबरोबर विषयही ओसरतो.

पैसे गेले कुठे हा प्रश्न रास्तच आहे, त्याचा हिशोब पुढे आहे. पण समजा एखाद्या वर्षी एकही रुपया खाल्ला गेला नाही, मुंबईतला प्रत्येक नाला तळापर्यंत घासून काढला, तरी हिंदमाताला पाणी तुंबेल का? काही दिवशी तरी नक्कीच तुंबेल. कारण नाला साफ असणं म्हणजे पाण्याचा रस्ता मोकळा असणं. रस्त्याच्या शेवटी दारच बंद असेल तर पाणी जाणार कुठे?

रस्त्यावरचं पाणी जातं कुठे?

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. आपण सगळ्यालाच 'गटार' म्हणतो, पण मुंबईत जमिनीखाली दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. घरातल्या संडास-बाथरूमचं पाणी वाहून नेतात त्या मलनिस्सारण वाहिन्या. ते पाणी प्रक्रिया केंद्राकडे जातं. पावसाचं पाणी नेतात त्या पर्जन्यजलवाहिन्या, आणि ते पाणी कुठल्याही प्रक्रियेविना थेट समुद्रात किंवा खाडीत जातं. कागदावर या दोन व्यवस्था एकमेकींना भेटत नाहीत. प्रत्यक्षात ज्या वस्त्यांपर्यंत मलवाहिनी पोचलेलीच नाही, तिथलं सांडपाणी शेजारच्या नाल्यात जातं आणि पावसाळ्यासाठी बांधलेला नाला बारा महिने वाहत राहतो. म्हणून मुंबईतले नाले भर एप्रिलमध्येही कोरडे दिसत नाहीत.

पावसाच्या पाण्याची साखळी साधी आहे. रस्त्याच्या कडेची जाळी, तिच्याखालचं छोटं गटार, तिथून मोठी वाहिनी किंवा नाला आणि शेवटी समुद्रात उघडणारं तोंड. महापालिकेच्या भाषेत या तोंडाला 'पातमुख' म्हणतात. शहर भागातल्या बऱ्याच वाहिन्या ब्रिटिशांच्या काळातल्या, जमिनीखालच्या, कमानी पद्धतीच्या आहेत. उपनगरात उघडे नाले जास्त. मुंबईत अशी 186 पातमुखं आहेत, आणि सगळी गोष्ट त्यांच्या उंचीवर येऊन थांबते.

या 186 पैकी 45 पातमुखं समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. 135 सरासरी पातळीच्या वर आहेत, पण भरतीच्या पातळीच्या खाली. भरती आली तरी पाण्याच्या वर राहतील अशी पातमुखं फक्त 6 आहेत.

म्हणजे दिवसातून दोनदा, भरती चढली की मुंबईची जवळपास सगळी गटारं समुद्राच्या पाण्याखाली जातात. पातमुख उघडं ठेवलं तर समुद्र आत येतो. म्हणून अनेक ठिकाणी झडपा म्हणजे फ्लडगेट लावली आहेत आणि मोठ्या भरतीला ती बंद करतात. समुद्र बाहेर थांबतो, पण पावसाचं पाणी आत अडकतं. मोरीला बोळा घालायचा आणि वरून नळ चालू ठेवायचा, तसाच हा प्रकार. मोरी कितीही स्वच्छ घासलेली असली तरी त्या वेळी काही उपयोग नाही.

या भरतीवरून एक गैरसमजही दरवर्षी फिरतो. 'उद्या समुद्रात 4.8 मीटर उंचीच्या लाटा उसळणार' अशी बातमी येते आणि लोक मरीन ड्राइव्हला लाटा बघायला जातात. तो आकडा लाटेच्या उंचीचा नसतो, भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो. ही पातळी मोजतात ती नकाशासाठी ठरवलेल्या एका पायापासून, आणि तो पाया साधारण सगळ्यात खोल ओहोटीच्या जवळ धरलेला असतो. त्यामुळे 4.8 मीटर म्हणजे रस्त्यावर दुमजली पाण्याची भिंत येणार असं नाही. त्याचा खरा अर्थ असा, की त्या वेळी पातमुखं बंद असतील, आणि नेमका तेव्हाच जोराचा पाऊस आला तर सखल भागात पाणी साचेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, कोळीवाड्यातल्या कुणालाही हे कॅलेंडर न बघता सांगता येतं. महापालिकाही पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते. ती यादी लाटा बघायच्या दिवसांची नाही, लवकर घरी जायच्या दिवसांची आहे.

पण हिंदमाताच का?

मुंबई मुळात सात बेटांची. बेटांच्या मधल्या भागात भरतीचं पाणी यायचं. अठराव्या शतकात वरळीजवळचं खिंडार हॉर्नबी वेलार्ड या बांधानं बंद केलं आणि मधली दलदल, खाजणं हळूहळू सुकवून, भरून शहर वाढत गेलं. भराव टाकला म्हणून जमीन बेटांइतकी उंच झाली नाही. पाणी मात्र अजूनही जुन्याच उतारानं सखल जागी येऊन थांबतं.

दादर आणि परळच्या मधला हिंदमाता परिसर ही अशीच एक जागा. नाव तिथल्या हिंदमाता थिएटरवरून पडलेलं, ओळख साड्यांच्या आणि ड्रेस मटेरियलच्या दुकानांची. जागेचा आकार बशीसारखा. आजूबाजूचं पाणी उताराने इथे येतं, आणि इथून पुढे जायला उतारच नाही. इथलं पाणी रे रोडच्या ब्रिटानिया पातमुखाकडे जातं, म्हणजे शहराच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत लांबचा प्रवास. दादरला राहणाऱ्या माणसाला अरबी समुद्र चालत जाण्याइतका जवळ, पण हिंदमाताच्या पाण्याला गाठायचं असतं विरुद्ध दिशेचं बंदर.

दुकानदारांनी यावर आपापले उपाय केले आहेत. दुकानाचा उंबरा उंच, खालचे कप्पे जूनपासून रिकामे, आभाळ दाटलं की माल माळ्यावर. महापालिकेनं इथे दोन उड्डाणपुलांच्या मधला रस्ता उंच केला, म्हणजे गाड्या पुढे निघतील. गाड्या निघाल्याही. पाणी खाली उरलेल्यांच्या वाट्याला आलं.

25 मिलिमीटरचं गणित

मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशी आखली होती, तीही ओहोटी असताना. शिवाय त्यात आणखी एक गृहीतक होतं : पडलेल्या पावसातला निम्मा जमिनीत मुरेल, निम्माच गटारात येईल. त्या काळी ते चुकीचं नव्हतं. वाड्या होत्या, मैदानं होती, बंगल्यांभोवती माती होती, उपनगरात शेती होती.

मिलिमीटरमध्ये बोललं की आकडा किरकोळ वाटतो, म्हणून लिटरमध्ये बघूया. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एक हेक्टर, म्हणजे साधारण अडीच एकर जागेवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 5 लाख लिटर. दहा हजार लिटरचे 50 टँकर एका तासात, एका हेक्टरवर. मुंबईत जोराच्या सरीत तासाला 50 मिलिमीटर ही काही दुर्मिळ गोष्ट राहिलेली नाही.

1985 साली मुंबईत पावसानं हाहाकार माजवला. त्यानंतर महापालिकेनं वॉटसन हॉक्सले या सल्लागार कंपनीकडून अख्ख्या शहराच्या पर्जन्यजल व्यवस्थेचा अभ्यास करून घेतला. 1993 मध्ये अहवाल आला. तोच तो 'ब्रिमस्टोवॅड', ज्याचं नाव दर पावसाळ्यात ऐकू येतं. अहवालाचं म्हणणं थोडक्यात असं : ताशी 25 ऐवजी 50 मिलिमीटर पाऊस धरा, आणि शहर डांबर-काँक्रीटनं झाकलं गेलं आहे म्हणून काहीच मुरणार नाही असं समजा.

बातम्यांमध्ये याला 'क्षमता दुप्पट' म्हणतात. ते पूर्ण खरं नाही. जुन्या हिशोबात 25 मिलिमीटरमधले साडेबाराच गटारात यायचे. नव्या हिशोबात 50 च्या 50 येणार. म्हणजे व्यवस्था चौपट करायची होती. ज्या रस्त्याखाली पाण्याची पाइपलाइन, मलवाहिनी, विजेच्या आणि टेलिफोनच्या केबली, गॅसची नळी सगळं आधीच दाटीवाटीनं बसलेलं आहे, तिथे चौपट पाणी नेणारी वाहिनी घालायची आणि वरची वाहतूकही चालू ठेवायची. ज्यांनी मुंबईत एखादा रस्ता खोदलेला बघितला आहे, त्यांना यात किती पावसाळे जातात ते सांगायला नको.

अहवालात 58 कामं सुचवली होती. तेव्हाचा अंदाजे खर्च 616 कोटी रुपये. पैसा नाही या कारणानं बहुतेक कामं कागदावर राहिली. बारा वर्षं राहिली.

26 जुलै 2005

त्या मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास उपनगरात पाऊस सुरू झाला आणि थांबलाच नाही. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्यातला बहुतांश दुपार ते रात्र एवढ्या वेळात. गंमत म्हणजे, अर्थात त्या दिवशी कुणाला ती गंमत वाटली नसेल, कुलाब्याला त्याच 24 तासांत 75 मिलिमीटरसुद्धा झाला नाही. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्यांना कुर्ला-कलिना बुडतंय याचा पत्ताच नव्हता. लोक नेहमीसारखे घरी जायला निघाले आणि रात्रभर पाण्यातून चालत राहिले. समुद्राला त्या दुपारी जवळपास साडेचार मीटरची भरती होती. म्हणजे वरून नळ पूर्ण सोडलेला आणि मोरीला बोळा. मुंबईत चारशेहून जास्त माणसं गेली. काही बुडाली, काही दरडीखाली गेली, काही बंद पडलेल्या गाड्यांच्या काचा वर करून बसल्या जागी गुदमरली.

मिठी ही नदी आहे हे त्या दिवशी अनेक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून, साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावीवरून माहीमच्या खाडीला मिळणारी जवळपास 18 किलोमीटरची नदी. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला काटकोनात वळणं घ्यायला लावलं आहे आणि ती धावपट्टीच्या खालून वाहते. पुढे दोन्ही काठांवर वस्त्या, गोदामं, भंगाराची दुकानं. खाडीच्या तोंडाशी जिथे तिवरांचं जंगल आणि पाणी पसरायची जागा होती, तिथे भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. काठावरच्या झोपड्यांनी नदी अडवली असं म्हणणं सोपं असतं. नदी अडवणाऱ्यांत काचेच्या इमारती, सरकारी प्राधिकरण आणि विमानतळही आहे, आणि त्यांचं बांधकाम रीतसर परवानगीचं आहे.

सरकारनं डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली, तिचा अहवाल 2006 मध्ये आला. मिठीसाठी वेगळं प्राधिकरण झालं, पात्र रुंद आणि खोल करायचं काम निघालं. आणि 1993 चा ब्रिमस्टोवॅड कपाटातून बाहेर आला. 616 कोटींचं काम आता 1200 कोटींचं झालं होतं, केंद्रानं 2007 मध्ये त्याला मदत मंजूर केली. पुढे तो आकडाही मागे पडला.

पंप आले, मग पाणी का राहिलं?

ब्रिमस्टोवॅडमधली सगळ्यात महत्त्वाची शिफारस होती आठ पंपिंग स्टेशनची. भरतीच्या वेळी झडप बंद करायची आणि आत अडकलेलं पाणी पंपानं उचलून समुद्रात टाकायचं. हाजी अली आणि इर्ला ही पहिली दोन. 2015 च्या सुमारास वरळीची लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर, 2016 ला रे रोडचं ब्रिटानिया, त्यानंतर सांताक्रूझचं गझदरबंध.

यातला एक मोठा पंप सेकंदाला 6000 लिटर पाणी फेकतो. असे सहा पंप एका वेळी चालले तर तासाला जवळपास 13 कोटी लिटर. ताकदीत काही कमी नाही. तरीही ब्रिटानिया सुरू झाल्यावर हिंदमाताला पाणी तुंबायचं पूर्ण थांबलं नाही. पंप बसला रे रोडला, पाणी साचतं परळला, आणि मधली वाहिनी जुनी, अरुंद. स्ट्रॉ बारीक असेल तर दुसऱ्या टोकाला कितीही जोरानं ओढा, ग्लास रिकामा व्हायला वेळ लागतोच.

म्हणून मग दुसरा उपाय आला : पाणी लगेच बाहेर काढता येत नसेल तर तात्पुरतं साठवा. दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली कोट्यवधी लिटरच्या टाक्या बांधल्या. हिंदमाताचं पाणी पंपानं या टाक्यांत जातं, ओहोटी लागली की तिथून वाहिनीत सोडतात. या टाक्यांची चर्चा सुरू झाली तेव्हा टोकियोचं उदाहरण दिलं गेलं. टोकियोजवळच्या कासुकाबेमध्ये जमिनीखाली पाच प्रचंड विहिरी आणि त्यांना जोडणारा 6.3 किलोमीटरचा बोगदा आहे, नद्यांना पूर आला की पाणी त्यात घेऊन मोठ्या नदीत टाकतात. तुलना ऐकायला बरी वाटते. पण एक कोटी लिटरची टाकी भरायला 20 हेक्टरवर 50 मिलिमीटर पाऊस पुरतो, म्हणजे एक जोरदार तास. दुसऱ्या तासाचं पाणी पुन्हा रस्त्यावरच. तरीही हिंदमाताच्या दुकानदाराला विचारलं तर तो टाक्यांना नावं ठेवणार नाही. पूर्वी जे पाणी संध्याकाळपर्यंत हलायचं नाही, ते आता बरेचदा लवकर उतरतं. पाणी अजिबात न साचणं आणि दोन तासांत उतरणं यांतलं अंतर गल्ल्यावर बसणाऱ्याला चांगलं कळतं.

आठपैकी उरलेली दोन पंपिंग स्टेशनं म्हणजे मोगरा आणि माहुल. मोगराचा संबंध अंधेरी सबवे आणि जोगेश्वरीच्या पाण्याशी, माहुलचा संबंध किंग्ज सर्कल, सायन, वडाळा, चुनाभट्टी, कुर्ल्याच्या पाण्याशी. पावसाळ्यातल्या व्हिडिओंमध्ये हीच नावं वारंवार का येतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. मोगराचं काम जागेच्या कोर्टकचेरीत अडकलं, माहुलची जागा मिठागराची, ती केंद्राच्या अखत्यारीत. महापालिका, राज्य आणि केंद्र यांच्यात फाइल वर्षानुवर्षं फिरत राहिली.

मिठागरांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नोंदवायला हवी. मुलुंड, भांडुप, कांजूर, वडाळ्याची मिठागरं ही भरतीचं आणि पावसाचं पाणी पसरायची जागा आहे. आयती, फुकटची, कुठल्याही टाकीपेक्षा मोठी. 2024 मध्ये यातली सुमारे 256 एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायचा निर्णय झाला. घरांची गरज खोटी नाही. पण एकीकडे मैदानं खोदून टाक्या बांधायच्या आणि दुसरीकडे उघड्या जमिनीवर भराव टाकायचा, या दोन निर्णयांचा हिशोब एकाच वहीत कुणी मांडला असं दिसत नाही.

मग नालेसफाईचं '100 टक्के' काय असतं?

महापालिका दरवर्षी अंदाज बांधते, की नाल्यांतून अमुक मेट्रिक टन गाळ काढायचा. त्यातला बराचसा भाग पावसाळ्याआधी, 31 मेपर्यंत. बातमीतली टक्केवारी या अंदाजाच्या तुलनेत किती गाळ उचलला याची असते. नाला किती साफ झाला याची नसते. म्हणून आकडा शंभराच्या वर जाऊ शकतो, आणि म्हणूनच 100 टक्के साफ झालेल्या नाल्यात प्लास्टिकच्या पिशव्या तरंगताना दिसतात. बातमी आणि फोटो दोन्ही खरे असू शकतात.

पैसे गाळाच्या वजनावर मिळतात, त्यामुळे घोटाळ्याची जागाही तिथेच. गाळ किती निघाला, खरंच निघाला का, की डेब्रिजच वजन करून दाखवलं? वजनकाटे, फेऱ्यांच्या नोंदी, व्हिडिओ, आता तर संगणकाकडून व्हिडिओची तपासणी, असे एकेक उपाय होत गेले. मे 2025 मध्ये मिठीतल्या गाळाच्या कामात सुमारे 65 कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं ठेकेदार, मध्यस्थ आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवला. आरोप सिद्ध व्हायचे ते कोर्टात होतील.

त्याच महिन्यात आणखी एक धडा मिळाला. मुंबईत मान्सून यायची नेहमीची तारीख 11 जून. 2025 ला तो 26 मे रोजीच आला, गेल्या 75 वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता. नालेसफाईची मुदत संपायला पाच दिवस बाकी होते. काही ठिकाणचे पंप तयार नव्हते म्हणून चालकांना दंड झाला. जेमतेम दोन-अडीच आठवड्यांपूर्वी सुरू झालेल्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं आणि ते बंद ठेवावं लागलं. पाऊस 31 मेची मुदत पाळत नाही, हे यंत्रणेला तेव्हा कळलं असेल तर बरंच.

काढलेला गाळ काठावरच ठेवून देणं हा आणखी एक जुना प्रकार. लहान गटारांतला गाळ वाळावा म्हणून कडेला ढीग करतात, उचलायला उशीर होतो, सर येते आणि ढीग परत आत. नागरिकांनी फोटो काढून तक्रार करावी असं काही असेल तर ते हे. नाल्याच्या काठचा ढीग, तारीख आणि जागेसकट.

मॅनहोलचं झाकण

29 ऑगस्ट 2017 ला मुंबईत पुन्हा एकदा धुवांधार पाऊस झाला, सांताक्रूझला 24 तासांत सव्वातीनशे मिलिमीटरच्या वर. त्या संध्याकाळी प्रभादेवी भागात गाडी सोडून चालत घरी निघालेले एक नामवंत डॉक्टर कमरेएवढ्या पाण्यात उघड्या मॅनहोलमध्ये पडले. त्यांचा मृतदेह दोन दिवसांनी वरळीला सापडला. साचलेलं पाणी उतरावं म्हणून झाकण उघडल्याच्या आरोपावरून पोलिसांनी नंतर काही स्थानिक लोकांना अटक केली.

झाकण उघडणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, तळमजल्यावर पाणी शिरत असलं की माणूस पहार शोधतो. पण रस्त्यावरची बरीच मॅनहोल मलवाहिनीची असतात. ती पावसाचं पाणी न्यायला बांधलेलीच नाहीत. पर्जन्यजलवाहिनीचं झाकण असलं तरी पुढे भरतीनं दार बंद असेल तर पाणी खाली जात नाही, उलट वर येऊ शकतं. आणि गढूळ पाण्याखाली तोंड उघडं राहिलं तर ते कुणालाच दिसत नाही. त्या घटनेनंतर झाकणांखाली लोखंडी जाळ्या बसवायचं काम सुरू झालं, उच्च न्यायालयानंही उघड्या मॅनहोलवरून पालिकेला वारंवार विचारणा केली.

पाण्यातून चालावंच लागलं तर रस्त्याच्या मधून, दुभाजकाच्या आधारानं चालणं कडेनं चालण्यापेक्षा बरं, कारण जाळ्या आणि गटारं कडेला असतात. हातात छत्रीची काठी असेल तर पुढची जमीन चाचपून पाऊल टाकायचं. विजेच्या खांबांपासून आणि जंक्शन बॉक्सपासून लांब राहायचं. उघडं मॅनहोल दिसलं तर पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा नंबर 1916.

घरी पोचल्यावर एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींचं, गुराढोरांचं मूत्र मिसळलेलं असतं, आणि पायाला साधी चीर असली तरी त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. 2005 च्या पुरानंतर मुंबईत या आजाराचे रुग्ण एकदम वाढले होते. सुरुवात साध्या तापासारखी, अंगदुखीसारखी होते, म्हणून माणूस दोन गोळ्या घेऊन कामावर जातो. पाण्यातून चालून आल्यावर पाय साबणानं धुवायचे, आणि जखम असेल तर 24 ते 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक औषध घ्यायचं, असं महापालिकेचा आरोग्य विभाग दर पावसाळ्यात सांगतो. हे औषध पालिकेच्या दवाखान्यात मिळतं. पुढच्या एक-दोन आठवड्यांत ताप आलाच, तर पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं.